कोसला: बापाच्या पैशावर शिकायला गेलेला आणि हात हलवत परत आलेला पांडुरंग सांगवीकर आजही का वाचला जातो?

लोकलनं पवईच्या आयआयटीला जायचं तर बरेच जण कांजूरमार्गला उतरतात. प्रवेशाच्या दिवसांत स्टेशनच्या पश्चिमेला थोडा वेळ उभं राहिलं की एक चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. मुलाच्या पाठीवर सॅक, वडिलांच्या हातात मोठी बॅग, आईच्या हातात डब्याची पिशवी. रिक्षावाल्याशी बोलतात ते वडीलच. मुलगा गप्प असतो.

त्या सामानात एक न दिसणारी गोष्ट असते. घरानं किती वर्षं काय काय मागे ठेवलं, याचा हिशोब. तो हिशोब कुणी उघडपणे मांडत नाही, पण मुलाला तो पाठ असतो.

आता समजा, हे सगळं जमलंच नाही तर? मुलगा परत आला, पदवी नाही, नोकरी नाही, आणि काय बिघडलं हे त्यालाही नीट सांगता येत नाही, तर?

मराठीत या प्रश्नावर एक कादंबरी आहे. ती १९६३ साली आली. तिच्यात आयआयटी नाही, पुण्यातलं कॉलेज आहे. मुलगा खानदेशातल्या एका खेड्यातला आहे. पुस्तकाचं नाव ‘कोसला’ आणि लेखक भालचंद्र नेमाडे.

आधी थोडक्यात माहिती

• कादंबरी: कोसला
• लेखक: भालचंद्र नेमाडे (जन्म १९३८, सांगवी, जळगाव जिल्हा)
• पहिलं प्रकाशन: १९६३, देशमुख आणि कंपनी, पुणे
• नायक आणि निवेदक: पांडुरंग सांगवीकर, वय २५
• इंग्रजी अनुवाद: ‘ककून’, अनुवादक सुधाकर मराठे

गोष्ट काय आहे?

पंचवीस वर्षांचा पांडुरंग स्वतःच आपली गोष्ट सांगतो. सांगवी हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं, खाऊनपिऊन सुखी. वडील गावातले वजनदार गृहस्थ. मुलानं शिकावं ही त्यांची इच्छा आणि त्यासाठी पैसे पाठवायची त्यांची तयारीही आहे. मॅट्रिकनंतर पांडुरंग पुण्याला येतो आणि वसतिगृहात राहायला लागतो.

सुरुवातीला त्याला सगळं करून बघायचं असतं. गावाकडून आलेल्या कुठल्याही मुलासारखं त्यालाही वाटतं की आपण इथे कुणीतरी व्हावं, चारचौघांत उठून दिसावं. म्हणून तो कॉलेजातल्या मंडळांत शिरतो, पदं घेतो, वसतिगृहाच्या मेसचा कारभार अंगावर घेतो. मित्र जमतात, पैसा उडतो. मेसच्या व्यवहारात घोळ होतो आणि तो निस्तरायला शेवटी घरचेच पैसे लागतात. अभ्यास मागे पडत जातो.

मग एका टप्प्यावर त्याला या सगळ्याचा वीट येतो. पदं, भाषणं, स्नेहसंमेलनं, मोठी माणसं, त्यांचं मोठेपण, सगळं पोकळ दिसायला लागतं. तो मिसळायचा बंद होतो. खोली, रात्रीची भटकंती आणि एकदोन मित्र, एवढंच त्याचं जग उरतं.

मध्येच घरून बातमी येते. धाकटी बहीण आजारात दगावलेली असते. (कथानक आधी कळू नये असं वाटणाऱ्यांनी माफ करावं, पण या प्रसंगाशिवाय कोसलाबद्दल बोलता येत नाही.) त्यानंतरचा पांडुरंग आधीचा राहत नाही.

शेवटी तो गावी परततो. शिक्षण फळाला आलेलं नाही, कमाई नाही, वडिलांच्या जिवावर खाणं चालू आहे. गावात त्याच्यासारखीच अर्धवट शिकलेली, रिकामी बसणारी पोरं आहेत. तो त्यांच्यात बसायला लागतो.

एवढीच गोष्ट. शेवटी तो कलेक्टर होत नाही. मोठा लेखकही होत नाही. प्रेम सफळ होत नाही, कारण सांगण्याजोगं प्रेमप्रकरणच नाही.

लिहिणारा कोण होता?

नेमाडेही सांगवीचेच, शेतकऱ्याच्या घरातले. पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकले, पुढे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकले. कोसला आली तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे पांडुरंगाच्याच वयाचे. प्रकाशक रा. ज. देशमुखांनी पाठपुरावा केला आणि नेमाड्यांनी गावी बसून अगदी थोड्या दिवसांत ती लिहून काढली, असं सांगितलं जातं.

पण पांडुरंग म्हणजेच नेमाडे असं समजून वाचलं तर गफलत होते. गाव, कॉलेज, वय जुळतं. पुढचा प्रवास जुळत नाही. नेमाडे शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले, लंडनला आणि गोव्यातही शिकवलं. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या चळवळीत ते होते आणि ‘वाचा’ हे अनियतकालिक त्यांनी चालवलं. ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी त्यांना १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ आली आणि २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा करंदीकर यांच्यानंतर ज्ञानपीठ मिळवणारे ते चौथे मराठी लेखक.

म्हणजे लेखक यशस्वी झाला. पण आपल्या नायकाला त्यानं यश दिलं नाही, आणि ते मुद्दाम.

‘कोसला’ म्हणजे काय?

रेशमाचा किडा स्वतःभोवती जो कोश विणतो, तो कोसला. किडा आपल्याच तोंडातून निघणाऱ्या धाग्यानं हा कोश विणतो, कुणी बाहेरून त्याला कोंडत नाही. आत तो सुरक्षित असतो आणि आतच त्याचा पतंग होतो.

रेशीम काढण्याची पद्धत माहीत असेल तर हे नाव आणखी बोचतं. पतंग कोश फोडून बाहेर आला तर धागा तुटतो आणि रेशमाची किंमत जाते. म्हणून सहसा तो बाहेर पडण्याआधीच कोश उष्णतेनं तापवतात किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. धागा अखंड मिळतो, जीव आतच राहतो.

पांडुरंगाचं एकटेपण त्यानं स्वतः विणलेलं आहे. त्यात तो वाचतोही आणि अडकतोही. आणि बाहेरच्या जगाला हवा आहे तो फक्त धागा: मार्क, पदवी, नोकरी.

वडील खलनायक आहेत का?

कोसला पहिल्यांदा वाचताना बहुतेकांना वाटतं की हो, आहेत. ते हुकमी आहेत, व्यवहारी आहेत. घर त्यांच्या शब्दावर चालतं. मुलाशी त्यांचं बोलणं म्हणजे बरेचदा पैशाचा हिशोब किंवा बोलणी. पांडुरंगाच्या मनात त्यांच्याबद्दल भीती आहे, राग आहे.

पण दुसऱ्यांदा वाचलं की दुसरी बाजू दिसते. पैसे पाठवणारा माणूस शेती करतो. शेतीत पैसा कसा येतो आणि किती बेभरवशाचा असतो, हे त्याला ठाऊक आहे. पुण्याला मुलगा नेमकं काय करतो हे त्याला कळत नाही. त्याला दिसतो तो खर्च आणि निकाल. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत खेड्यातल्या असंख्य घरांतून पहिल्यांदाच एखादा मुलगा कॉलेजात जात होता. शिकलेला मुलगा म्हणजे काय, त्यानं कसं वागायचं असतं, त्याच्याशी बोलायचं कसं, याचा नमुना ना बापापुढे होता ना मुलापुढे.

दोघांची भाषाच वेगळी होत जाते. बाप विचारतो, पुढे काय करणार? मुलाकडे उत्तर नसतं. आणि उत्तर नाही, हे सांगायची सोय त्या घरात नसते.

बऱ्याच वाचकांना आपलं घर इथे सापडतं. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये राहणारा मुलगा असो किंवा तालुक्याच्या गावातली मुलगी, रात्री जेवताना येणारा ‘पुढे काय?’ हा प्रश्न तोच आहे.

इथे एक वेगळी गोष्ट घडते

घरच्या अपेक्षा आणि मुलाची ओढ, या विषयावर आपण भरपूर सिनेमे पाहिलेत. त्यांचा साचा ठरलेला असतो. बापाला मुलगा इंजिनीअर करायचा असतो, मुलाला फोटोग्राफर व्हायचं असतं. ‘थ्री इडियट्स’मधला फरहान आठवा. शेवटी बाप विरघळतो, मुलगा आपल्या वाटेनं जातो, आपण डोळे पुसतो. अशा गोष्टीत स्वतःशी प्रामाणिक राहणं तुलनेनं सोपं असतं, कारण मनातलं खरं स्वप्न आधीपासून तयार असतं. फक्त ते बोलून दाखवायचं धैर्य हवं असतं.

पांडुरंगाकडे असं स्वप्नच नाही. त्याला इंजिनीअर व्हायचं नाही आणि फोटोग्राफरही व्हायचं नाही. त्याच्यात दडलेली कला शेवटच्या पानावर बाहेर येत नाही. आपल्याला काय नको, हे त्याला हळूहळू कळतं. काय हवं, हे पंचविशीपर्यंत कळत नाही.

आणि हे तो लपवत नाही. एखादं ध्येय खोटंखोटं पांघरून त्याला वडिलांनाही समजावता आलं असतं आणि वाचकालाही. तो ते करत नाही. आपण आळशी होतो, पैसे उडवले, चुकलो, आपल्याला कळत नव्हतं, हे सगळं तो सांगतो आणि स्वतःची टरही उडवतो.

कोसलातला प्रामाणिकपणा हा असा आहे. त्यातून त्याला काही मिळत नाही. उलट बापाचा विश्वास जातो, वर्षं जातात, गावात पत जाते. आज प्रत्येकाला बायोमध्ये स्वतःची ओळख दोन ओळींत लिहावी लागते आणि पॅशन काय असं विचारलं की लगेच उत्तर द्यावं लागतं. अशा वेळी ज्याला ते उत्तर येत नाही, त्याला हा मुलगा जवळचा वाटतो.

‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’

कोसलाचं नाव काढलं की हे दोन शब्द येतातच. पांडुरंग बोलताना ते जागोजागी वापरतो, कधी गरज असताना, बरेचदा नसताना. मोठं वाक्य बोलता बोलता शेवटी ‘वगैरे’ लावून तो त्यातली हवा काढून टाकतो. २०१६ मध्ये अक्षय इंडीकर यांनी नेमाड्यांवर सिनेमा केला, त्याचं नावही ‘उदाहरणार्थ नेमाडे’ असंच आहे.

ही नुसती गंमत नव्हती. त्याआधीच्या लोकप्रिय मराठी कादंबरीची भाषा आठवून बघा. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांची नीटस, घडीव, सुभाषितांनी सजलेली वाक्यं. नायक देखणे, ध्येयवादी. कोसलाच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, रणजित देसाईंची ‘स्वामी’ आली होती. माधवराव पेशव्यांवरची ती कादंबरी घराघरांत पोचली. तिथे कर्तबगार पेशवा, आणि इथे मेसच्या हिशोबात बुडालेला, मॅट्रिक होऊन पुण्याला आलेला पोरगा.

अशा मुलाला सजवलेली भाषा शोभली नसती. ज्या मोठमोठ्या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडालाय, त्याच शब्दांत तो आपली गोष्ट कशी सांगेल? म्हणून तो वसतिगृहातल्या पोरांच्या बोलीत बोलतो, मध्येच खानदेशी वळणानं बोलतो, मध्येच डायरी लिहितो, मध्येच इतिहासकारांच्या गंभीर भाषेची नक्कल करतो. आजचा वाचक यातल्या कितीतरी ठिकाणी मोठ्यानं हसतो.

अनेकांनी कोसलाची तुलना जे. डी. सॅलिंजर यांच्या ‘द कॅचर इन द राय’शी केली आहे. ती अमेरिकन कादंबरी १९५१ मध्ये आली होती. तिथला होल्डनही मोठ्यांच्या ढोंगाला कंटाळलेला आणि स्वतःच्या बोलीत बोलणारा. साम्य आहेच. पण होल्डनचे आईवडील बहुतेक वेळ पडद्याआड असतात. पांडुरंगाच्या गोष्टीतून बाप एक क्षणही हलत नाही. पुण्यातही तो पांडुरंगाच्या खिशातल्या प्रत्येक नोटेत असतो.

बहिणीचा मृत्यू

इथवरचं वाचून कोसला ही मिश्कील, टवाळ कादंबरी वाटेल. बहिणीच्या मृत्यूपाशी ती टवाळी थांबते. घरात मुलगा हा वारस आणि लहान मुलगी कुणाच्याच हिशोबात नाही. ती जाते आणि घर काही दिवसांत पुन्हा कामाला लागतं. पांडुरंगाला मात्र ते जमत नाही.

ज्याला कशाचंच काही वाटत नाही असं आपण समजत होतो, त्याला इथे सगळ्यात जास्त लागतं. त्याचा बेफिकीरपणा हे कवच होतं, हे वाचकाला इथे कळतं. मराठीत लहान मुलाच्या मृत्यूवर जे काही लिहिलं गेलंय, त्यात ही पानं वरच्या रांगेत बसतात. बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये वाचणार असाल तर सावध राहा.

या पुस्तकावर आक्षेप काय आहेत?

एक आक्षेप जुना आहे: या कादंबरीनं पोरं बिघडवली. कोसला वाचून कित्येकांनी दाढ्या वाढवल्या, वर्गात जाणं सोडलं आणि स्वतःला पांडुरंग समजायला लागले, असं आधीच्या पिढीतले लोक हसत सांगतात. पण कादंबरी पांडुरंगाला आदर्श म्हणून पुढे करत नाही. त्याच्या वागण्याचा हिशोब तिच्यात चुकता झालेला आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पांडुरंगाला नापास होणं परवडलं, कारण परत जायला घर होतं, शेत होतं, ताटात भाकरी होती. ज्यांच्याकडे हे नव्हतं त्यांचं काय? याचं उत्तर पंधरा वर्षांनी, १९७८ मध्ये, दया पवारांच्या ‘बलुतं’नं दिलं. ते आत्मकथन आहे. त्यातही शिकून शहरात आलेला मुलगा आहे, त्यालाही आपण नेमके कोण हा प्रश्न आहे. पुस्तकाची रचनाच अशी की दगडू मारुती पवार आपली कहाणी शिकलेल्या दया पवारला सांगतो, म्हणजे एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसतात. पण दगडूला गावी परतून कट्ट्यावर बसायची मुभा नव्हती. शिक्षण सुटलं असतं तर जातीनं नेमलेलं जगणं समोर होतं.

तिसरी गोष्ट मुलींची. कोसलाचं जग मुलांच्या वसतिगृहाचं आहे. बायका दिसतात त्या पांडुरंगाच्या नजरेतून, आणि ती नजर त्या वयाच्या आणि त्या काळाच्या मुलाची आहे. एखादी मुलगी अशीच पदवी न घेता परत आली असती तर तिला कादंबरीभर विचार करत बसायला वेळ मिळाला नसता. तिचं लग्न लावून दिलं असतं. हे लक्षात ठेवून वाचलं तर पुस्तक कमी होत नाही, त्याच्या कडा कुठे संपतात ते कळतं.

वाचायची कशी?

पहिली पन्नास पानं धीर धरा. गोष्ट सरळ पुढे जात नाही, फाटे फुटतात, नवी नावं येत राहतात. सगळी लक्षात ठेवायची गरज नाही. वसतिगृहात नवीन गेल्यावर कुठे सगळी नावं लक्षात राहतात?

मोठ्यानं वाचून बघा. ही बोलण्याची भाषा आहे, कानानं लवकर कळते.

आणि शक्य असेल तर दोनदा वाचा. विशीत वाचलेली कोसला मुलाची वाटते. चाळिशीत, स्वतःचं मूल दहावीला असताना वाचलेली कोसला बापाची वाटायला लागते.

याच वाटेवरची आणखी दोन पुस्तकं

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) आणीबाणीच्या काळात घडते. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि शिरोडकर. आकाराला छोटी, वाचायला सोपी. सुजय डहाके यांनी तिच्यावर सिनेमाही केला.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६). तनय आणि अनुजा हे भाऊ-बहीण घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. आपण कोण आहोत आणि घर आपल्याला कोण समजतं, यातलं अंतर इतकं स्पष्टपणे दाखवणाऱ्या मराठी कादंबऱ्या मोजक्याच. जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये कुंडलकरांनीच दिग्दर्शित केलेला सिनेमा आला.

शेवटी, परत कांजूरमार्गला

त्या स्टेशनवर बॅगा घेऊन उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांचं पुढे चांगलं होतं. काहींचं सुरुवातीला नाही होत. एखादा विषय राहतो, मग दुसरा. घरून फोन आला की ‘सगळं ठीक’ असं सांगितलं जातं. सुट्टीत घरी जाणं टाळलं जातं. हे किती जीवघेणं होऊ शकतं, याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

कोसला अशा मुलाला सल्ला देत नाही. ती त्याला एक माणूस दाखवते, जो नापास झाला, परत आला, बोलणी खाल्ली आणि पंचविशीत बसून हे सगळं आपल्याला सांगतोय. सांगताना हसतोय आणि हसवतोयही. आपलं काही जमलं नाही, हे सांगायलाही शब्द असतात, आणि ते सांगून माणूस उरतो. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी ते आपल्याच भाषेत सांगून ठेवलंय.

तुमच्या ओळखीत असा कुणी गप्प झालेला असेल, तर त्याला पुस्तक द्याच, पण आधी फोन करा. आणि ताण हाताबाहेर जातोय असं वाटलं तर सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, तिथे मराठीतही बोलता येतं.